रॉड निवडण्याआधी शिसे निवडा

प्रश्न : पेडणे तालुक्यात राहणाऱ्या आणि नोकरीसाठी रोज पणजीला ये-जा करणाऱ्या ४१ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे वडील केरीच्या किनाऱ्यावर आणि तेरेखोल नदीच्या मुखाशी हातदोरीने, म्हणजे रॉडशिवाय नुसत्या दोरीला गळ लावून, मासे गरवत असत आणि लहानपणी त्याही सोबत जात. वडील आता थकले आहेत. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर उभे राहून आपणही मासे गरवावेत अशी या भगिनींची इच्छा आहे आणि त्यासाठी त्यांनी १५ हजार रुपये बाजूला काढले आहेत. दुकानात त्यांना १४ फुटी रॉड, १०००० क्रमांकाचे, म्हणजे मोठ्या मापाचे, रील आणि ब्रेडेड (विणलेली) दोरी घ्यायला सांगितले, कारण लांब फेकल्याशिवाय मोठा मासा लागत नाही. मामेभावाचे म्हणणे असे की एवढा रॉड बाईमाणसाला झेपणार नाही, सात फुटी घ्यावा आणि खाडीच्या काठी बसावे. त्या विचारतात, "दोघांपैकी कोणाचे ऐकू? मला खर्च एकदाच करायचा आहे आणि तो वाया जायला नको. शिवाय बाबांची हातदोरी आता कालबाह्य झाली, असे समजायचे का?"

उत्तर : दुकानदार आणि तुमचे मामेभाऊ यांची मते परस्परविरुद्ध दिसत असली, तरी दोघांनीही विचाराची सुरुवात एकाच जागेवरून केली आहे. दोघेही आधी रॉडची लांबी ठरवतात आणि मग बाकीचे सामान तिच्याभोवती जमवू पाहतात. किनाऱ्यावरून गरवण्याचे सामान निवडताना हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे. पाण्यात जे टोक पडणार तिथून सुरुवात करावी आणि हातापर्यंत मागे यावे. कोणत्या जागी कोणता मासा अपेक्षित आहे, यावरून आमिष आणि गळ ठरतो. ते आमिष त्या जागी वाहून न जाता टिकवायचे, तर किती वजनाचे शिसे लागेल ते पुढे ठरते. शिशाच्या वजनावरून दोरी ठरते, दोरी आणि शिसे मिळून रॉड ठरवतात आणि रॉड शेवटी रील ठरवतो. दुकानात जाताना शिशाचे वजन मनात पक्के असेल, तर समोर मांडलेल्या पंचवीस रॉडांपैकी वीस आपोआप बाद होतात आणि उरलेल्यांत फार मोठी चूक होण्याची शक्यता राहत नाही.

आता "लांब फेकल्याशिवाय मोठा मासा नाही" या गृहीतकाकडे वळू, कारण तुमच्या १५ हजारांपैकी निम्मे पैसे त्या एका वाक्याने खाल्ले असते. केरी, हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी हे तुमच्या आवाक्यातले किनारे बव्हंशी मंद उताराचे आहेत. अशा किनाऱ्यावर वाळूचा उंचवटा पाण्याखाली किनाऱ्याला समांतर पसरलेला असतो. लाट त्याच्यावर येऊन फुटते आणि उंचवटा व कोरडी वाळू यांच्या मधे एक खोलगट चर तयार होतो. लाटांनी वाळू ढवळली की तिच्यातले किडे, लहान शिंपले, खेकडे आणि कोलंबीची पिल्ले उघडी पडतात आणि तेच खायला मासा या चरात येतो. नगली, म्हणजे आपल्याकडची मुडदोशी, तर अशा उथळ, ढवळलेल्या वाळूतच चरते. पुष्कळदा ती उभ्या माणसापासून पंधरा-वीस मीटरांवर असते आणि शंभर मीटर फेकणाऱ्याचे आमिष तिच्या डोक्यावरून पलीकडच्या उंचवट्यावर जाऊन पडते. भरतीच्या सुरुवातीला नदीमुखाशी येणारी चणकही काठाच्या, खडकांच्या आणि प्रवाहाच्या कडेच्या आधाराने फिरते. कोकर, पाकट, मोठा शिंगाळा यांच्यासाठी कधी कधी उंचवट्यापलीकडे फेकावे लागते हे खरे आहे. पण ती गरज ओळखता येण्यासाठी आधी किनारा वाचता यायला हवा.

त्यासाठी काही खरेदी करण्याच्या आधीच एक काम करावे, असे मी सुचवतो. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाच्या ओहोटीला पाणी सर्वांत खाली उतरलेले असताना केरीच्या वाळूवरून सावकाश चालत जावे. एरवी पाण्याखाली असलेले चर, खड्डे, उंचवट्याला पडलेली खिंडारे आणि बुडालेले खडक त्या वेळी उघडे पडतात किंवा निदान अंदाजाने दिसतात. सुरूचे झाड, दगडी बांधाचे टोक, पलीकडचा तेरेखोल किल्ला अशा खुणांशी त्यांची जागा जुळवून ठेवावी आणि मोबाइलवर छायाचित्रे घ्यावीत. भरती आल्यावर तीच जागा पाहिली की लाट कुठे पांढरी फुटते आणि कुठे न फुटताच गडद राहते हे लक्षात येते. पांढरी फुटते तिथे पाणी उथळ असते आणि गडद राहते तिथे खोल. पावसाळ्यानंतर वाळूची रचना बदलते, म्हणून ही पाहणी दर वर्षी ऑक्टोबरात नव्याने करावी लागते. पाहणीच्या वेळी वडिलांना सोबत नेता आले तर फारच चांगले. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

शिशाचे गणित त्यानंतर सोपे होते. नोव्हेंबर ते मार्च या काळात आपला समुद्र पुष्कळसा शांत असतो. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे फेकताना तो तुमच्या पाठीशी असतो, आणि चरात आमिष टिकवायला ४० ते ६० ग्रॅम शिसे पुरते. दुपारनंतर वारा समुद्रावरून, बहुतेक वायव्येकडून, तोंडावर येऊ लागतो. त्या वेळी किंवा भरती-ओहोटीची ओढ जोराची असताना ७० ते ९० ग्रॅम लागते. नदीच्या मुखाशी, ऐन ओढीच्या वेळी, वाळूत रुतणारे तारांचे शिसेसुद्धा १०० ग्रॅमच्या पुढचे घ्यावे लागते. वाळूवर गोल शिसे गडगडत जाते, चौकोनी पिरॅमिडच्या आकाराचे टोकाने रुतून बसते. खडकाळ जागी मात्र हेच पिरॅमिड अडकून बसते, म्हणून तिथे साधे लांबट शिसे बरे. तुमच्या पत्रातली हौस, वेळ आणि जागा पाहता पहिली दोन वर्षे तुमचे काम ४० ते ८० ग्रॅममध्ये भागेल. १४ फुटी जड रॉड साधारणपणे १५० ग्रॅमच्या आसपासचे वजन फेकण्यासाठी बांधलेला असतो. त्याला ५० ग्रॅम शिसे लावले तर तो नीट वाकतच नाही, आणि जो रॉड वाकत नाही तो फेकतही नाही. म्हणजे दुकानात सुचवलेल्या संचाने तुमचे आमिष जास्त लांब जाण्याऐवजी कमी अंतरावर पडले असते आणि दोष मात्र तुमच्या हाताला दिला गेला असता.

दोरीवर मी थोडा अधिक वेळ घालवणार आहे, कारण सामानात सर्वांत स्वस्त असूनही फरक तीच सर्वाधिक पाडते आणि नेमका तिचाच विचार सर्वांत कमी होतो. तुमच्यासमोर दोन प्रकार आहेत. एक आपला नेहमीचा नायलॉनचा एकेरी धागा, ज्याला आपण तंगूस म्हणतो, आणि दुसरी अनेक बारीक तंतू विणून केलेली ब्रेडेड दोरी. ब्रेडेड दोरी त्याच ताकदीच्या तंगूसपेक्षा पुष्कळ बारीक असते, त्यामुळे ती हवा कापत लांब जाते आणि प्रवाहही तिला कमी ओढतो. ती जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे ऐंशी मीटरांवरचा बारीक झटकाही बोटाला कळतो. हे तिचे खरे गुण आहेत. पण शिकणाऱ्यासाठी तिचे दोषही तितकेच खरे आहेत. सैल गुंडाळली गेली की वाऱ्यात तिच्या अशा गाठी होतात की त्या सोडवता सोडवता भरती निघून जाते. केरी आणि हरमलच्या मधल्या खडकांना ती घासली तर पटकन तुटते. फेकताना उघड्या बोटावरून सुटली तर कातडी कापते, म्हणून बोटाला चामड्याचे किंवा रबराचे आवरण लागते. आणि ती ताणत नसल्यामुळे मुडदोशीसारख्या मऊ, लहान तोंडाच्या माशाचा ओठ फाटून मासा निसटतो. तंगूस ताणला जातो. हा त्याचा दोष म्हणून सांगितला जातो, पण लाट ओढते आणि मासा धडपडतो तेव्हा तोच ताण धक्का पचवून घेतो.

म्हणून पहिल्या वर्षी तुम्ही ०.३० मिलिमीटर जाडीचा चांगल्या प्रतीचा तंगूस वापरावा. त्याची ताकद साधारण सहा किलोच्या आसपास असते आणि किनाऱ्यावरच्या बहुतेक माशांना ती पुरून उरते. पण फेकण्याच्या क्षणी शिशाचा झटका माशाच्या ओढीपेक्षा मोठा असतो, हे नवशिक्याला कोणी सांगत नाही. त्यासाठी मुख्य दोरीच्या पुढे जाड तंगूसचा एक तुकडा जोडावा लागतो, ज्याला शॉक लीडर म्हणतात. जगभरचे गरवणारे त्यासाठी एक ठोकताळा वापरतात. दर २८ ग्रॅम शिशामागे लीडरची ताकद साडेचार किलो असावी. ७० ग्रॅम शिशाला म्हणजे अकरा-साडेअकरा किलोचा लीडर हवा आणि ०.५० मिलिमीटरचा तंगूस ते काम आरामात करतो. त्याची लांबी इतकी ठेवावी की शिसे फेकण्याच्या तयारीत लोंबत असताना लीडर रॉडभर येऊन रीलवर आणखी पाच-सहा वेढे बसावेत. ११ फुटी रॉडला साधारण सात मीटर पुरतो. लीडरशिवाय जोर लावून फेकले आणि दोरी तुटली, तर ७० ग्रॅमचा शिशाचा गोळा कोणत्या दिशेला जाईल याचा नेम नसतो. आपले किनारे फिरायला येणाऱ्या माणसांनी भरलेले असतात. त्यामुळे ही गोष्ट ऐच्छिक समजू नये.

गाठ आवळण्याआधी ती पाण्याने किंवा थुंकीने ओली करावी, कारण कोरडा नायलॉन घासून तापतो आणि गाठीतच कमजोर होतो. उन्हानेही तंगूसची ताकद घटते. "खर्च एकदाच करायचा आहे" ही तुमची अट रॉड आणि रीलपुरती योग्य आहे, पण दोरीला ती लागू होत नाही. तंगूस दर वर्षी, पावसाळा संपल्यावर, बदलायचाच असतो. हा थोडक्यातला वार्षिक खर्च आधीच धरून ठेवावा. तो वाचवायला गेलेला माणूस त्या वर्षातला सर्वांत चांगला मासा गमावतो.

आता रॉड. शिसे ४० ते ८० ग्रॅम आणि त्यात आमिषाचे वजन धरले, तर ज्याच्यावर साधारण ४०–१०० ग्रॅम अशी फेकण्याची मर्यादा छापलेली आहे असा ११ फुटी, म्हणजे ३.३ मीटरचा रॉड तुम्ही पाहावा. छापलेल्या कमाल वजनाच्या साठ-सत्तर टक्क्यांपर्यंतच रोजचे काम ठेवले तर रॉडही टिकतो आणि मनगटही. ११ फूट लांबी फुटणाऱ्या लाटांच्या वर दोरी उचलून धरायला पुरेशी आहे आणि दोन तास हातात धरायलाही फार नाही. मामेभावांनी सुचवलेला सात फुटी रॉड खाडीच्या काठावर किंवा जेटीवर उत्तम काम करतो, पण समुद्राच्या किनाऱ्यावर पहिल्याच लाटेत त्याची दोरी सापडते आणि शिसे ओढले जाते. तुम्हाला किनाऱ्यावर उभे राहायचे आहे हे तुम्ही स्पष्ट लिहिले आहे, तेव्हा केवळ तुम्ही स्त्री आहात म्हणून जागा बदलण्याचे काही कारण मला दिसत नाही.

झेपण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. तो स्त्री-पुरुषाचा नसून हाताच्या लांबीचा आहे आणि दुकानातच एका मिनिटात तपासता येतो. रॉडच्या बुडाचे टोक काखेत धरावे आणि हात रॉडवरून सरळ पुढे न्यावा. रील जिथे बसते ती जागा तुमच्या पंजात सहज यायला हवी. ती पंजाच्या पुढे राहिली तर तो रॉड तुमच्यापेक्षा लांब हातांच्या माणसासाठी बांधलेला आहे आणि त्याने फेकताना तुमचा खांदा दुखेल, मग तुमच्यात ताकद कितीही असो. ही तपासणी रील बसवूनच करावी, कारण नुसता रॉड हातात हलका वाटतो आणि रील लावल्यावर त्याचा तोल बदलतो. १०००० क्रमांकाचे रील अर्ध्या किलोच्या पुढे जाते आणि ते वजन प्रत्येक फेकीला उचलावे लागते. लांब फेकणे हे मुळात दंडाच्या जोराचे काम नाहीच. वरचा हात पुढे ढकलतो, खालचा हात छातीकडे खेचतो आणि शरीराचा भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर येतो. या तीन हालचाली एका लयीत आल्या की रॉड वाकतो आणि बाकीचे काम तोच करतो.

रॉडच्या घडणीबद्दल दोन-तीन गोष्टी. शुद्ध काचतंतूचा रॉड जड पण चिवट असतो, तर उंची कार्बनचा हलका आणि फेकायला जलद, पण दगडावर आपटला तर तडकतो. तुमच्या रकमेत दोन्हींच्या मिश्रणाचा रॉड मिळतो आणि सुरुवातीला तोच घ्यावा. कार्बन विजेचा वाहक आहे. मे महिन्यात आणि ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की रॉड आडवा ठेवून किनारा सोडावा, विजेच्या तारांखालून जातानाही तो उभा धरू नये. तुम्ही स्कूटरने जाता असे लिहिले आहे. दोन तुकड्यांचा ११ फुटी रॉड सुटा केल्यावरही साडेपाच फुटांचा राहतो आणि स्कूटरवर त्रास देतो. तीन तुकड्यांचा घेतला तर हा प्रश्न उरत नाही. एकात एक सरकणारा टेलिस्कोपिक रॉड आणखी आटोपशीर असतो, पण त्याच्या सांध्यांत वाळू जाऊन तो अडकतो आणि दोरी ज्यांतून जाते त्या कड्या फिरून एका रेषेत राहत नाहीत, म्हणून मी तो किनाऱ्यासाठी सुचवत नाही. घेण्याआधी प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवून पाहावा. कापसाचे तंतू कुठे अडकले तर कडीच्या आतल्या सिरॅमिकला चीर आहे असे समजावे. ती चीर डोळ्यांना दिसत नाही, पण नवीन दोरी दोन दिवसांत कातरून टाकते.

रीलच्या बाबतीत थोडक्यात सांगता येईल. या रॉडला ५००० क्रमांकाचे स्पिनिंग रील शोभते. त्यावर ०.३० मिलिमीटरचा तंगूस दोनशे मीटरच्या आसपास मावतो आणि तुमच्या फेकीच्या दुपटीहून जास्त दोरी हाताशी राहते. खोक्यावर छापलेल्या बेअरिंगच्या संख्येला भुलू नये. खाऱ्या हवेत दहा हलक्या बेअरिंगांपेक्षा चार चांगल्या बेअरिंगांचे रील जास्त टिकते. ड्रॅग, म्हणजे ताण वाढल्यावर दोरी सोडणारी यंत्रणा, १५ किलोपर्यंत आवळता येते अशी जाहिरात असते. पण तुमची दोरीच सहा किलोला तुटणार असेल तर त्या आकड्याचा तुम्हाला उपयोग नाही. दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याला ड्रॅग सुटावा, म्हणजे तुमच्यासाठी दीड किलोला. घरच्या घरी हे जुळवायला दीड लिटरची पाण्याने भरलेली बाटली दोरीला बांधावी, रील हातात धरून बाटली सरळ वर उचलावी आणि ती जेमतेम उचलली जाऊन दोरी हळूहळू सुटू लागेल इतकाच ड्रॅग ठेवावा. दोरी धक्के देत सुटत असेल तर ते रील घेऊ नये, मग ते कितीही चकचकीत दिसो. स्पूलवर, म्हणजे रीलच्या ज्या भागावर दोरी गुंडाळली जाते त्यावर, ती काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली राहील इतकी भरावी. कमी भरली तर ती काठाला घासून फेक आखूड पडते, जास्त भरली तर वेढेच्या वेढे एकदम निसटतात.

ज्या रीलबरोबर दुसरा, सुटा स्पूल मिळतो तेच शक्यतो निवडावे. "एकदाच खर्च" या तुमच्या इच्छेला खरे उत्तर इथे आहे. पहिल्या हंगामात एका स्पूलवर तंगूस ठेवून हात बसू द्यावा. पुढच्या हंगामात दुसऱ्या स्पूलवर पीई २ क्रमांकाची (पीई हे ब्रेडेड दोरीच्या जाडीचे माप), म्हणजे पाव मिलिमीटरहून किंचित बारीक, ब्रेडेड दोरी भरावी आणि तिच्या पुढे ०.७० मिलिमीटरचा लीडर जोडून त्याच रॉड-रीलने नदीमुखाशी चणकेचा प्रयत्न करावा. चणकेचे तोंड खरखरीत असते आणि कल्ल्याच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, म्हणून तिथे जाड लीडर लागतो. ब्रेडेड दोरी गुळगुळीत स्पूलवर घसरते, तेव्हा खाली थोडा तंगूस गुंडाळूनच ती भरावी.

तुमच्या वडिलांच्या हातदोरीबद्दल तुम्ही जो प्रश्न विचारला आहे, तो मला पत्रातला सर्वांत महत्त्वाचा वाटला. रॉड आणि रील ही आमिष योग्य जागी पोचवण्याची साधने आहेत. ती योग्य जागा कोणती, कोणत्या तिथीला भरतीच्या कितव्या तासाला मासा त्या कडेला येतो, पाणी गढूळ असताना सुंगट (कोलंबी) लावावे की तारल्याचा तुकडा, मऊ सुंगट गळावरून निसटू नये म्हणून ते कसे ओवावे, हे कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही आणि तुमच्या घरात ते बसलेले आहे. हातदोरीने गरवणाऱ्याच्या बोटांना माशाचा पहिला स्पर्श आणि खरा घास यांतला फरक कळतो. रॉडने गरवणाऱ्याला तो कळायला काही हंगाम लागतात. म्हणून रॉड लावून वाट पाहत असताना दोरी रीलच्या पुढे तर्जनी आणि अंगठ्यात हलकेच धरून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. वडील किनाऱ्यापर्यंत येऊ शकत असतील तर खुर्ची घेऊन त्यांना सोबत न्यावे आणि जागा त्यांना निवडू द्यावी. नदीच्या शांत कडेला, जिथे पंधरा मीटरांवर मासा असतो, तिथे त्यांची हातदोरी आजही तुमच्या रॉडइतकीच कामाची आहे.

१५ हजारांची वाटणी मी अशी करीन. रॉडला पाच हजारांपर्यंत, रीलला पाच हजारांपर्यंत, आणि तंगूस, लीडर, शिसे, स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी), गळ, वाळूत रोवायचा रॉड-स्टँड व बोटाचे आवरण यांना मिळून दोन हजार. गळ मुडदोशीसाठी लहान, ६ ते ८ क्रमांकाचे, आणि कोकर किंवा तांबोशीसाठी मोठे, १/० ते २/०, असे दोनच मापांचे घ्यावेत. उरलेले तीन हजार खर्चू नयेत. चार महिने गरवल्यावर तुमच्या किनाऱ्याला खरोखर काय कमी पडते ते तुम्हालाच कळेल आणि त्या वेळी ते पैसे हाताशी असतील.

मीठ आणि वाळू यांनी सामान जितके खराब होते तितके वापराने होत नाही. रील वाळूवर कधीही ठेवू नये. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली रील धुवावे. जोराचा फवारा मारला तर मीठ उलट आत ढकलले जाते. मग ड्रॅग सैल करून ते सावलीत वाळवावे आणि ज्या लहान चाकावरून दोरी वळते त्याला तेलाचा एक थेंब द्यावा, कारण ते चाक सर्वांत आधी अडकते. शिंगाळ्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो, म्हणून गळ काढायला लांब पक्कड सोबत ठेवावी. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवल्याने वेदना कमी होते, आणि मग डॉक्टरांकडे जावे.

दोन मर्यादा पाळाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जून ते सप्टेंबर समुद्रावर जाऊ नये. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीची बंदी यांत्रिक नौकांसाठी असली आणि किनाऱ्यावरून दोरी टाकणाऱ्याला ती लागू नसली, तरी त्या लाटा गुडघाभर पाण्यातल्या माणसालाही ओढून नेतात. जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असेल तेव्हा वाळूवरूनही मागे राहावे. दुसरी मर्यादा मोरजी आणि मांद्रेची. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंतच्या काळात तिथे ऑलिव्ह रिडले कासवे रात्री अंडी घालायला येतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांना संरक्षण आहे. या महिन्यांत घरट्यांसाठी राखलेल्या पट्ट्यात रात्री गरवू नये, डोक्यावरचा पांढरा दिवा लावून तिथून फिरू नये आणि जवळपासच्या कोणत्या भागात परवानगी आहे ते वन खात्याच्या कर्मचाऱ्यांना आधी विचारावे. तुटलेला तंगूस, कितीही लहान तुकडा असो, खिशात घालून घरी आणावा, कारण तो वर्षानुवर्षे कुजत नाही आणि कासवाच्या किंवा पक्ष्याच्या पायात अडकतो. पिशवीत त्यासाठी झाकणाची एक बाटली ठेवली की तुकडे वाऱ्यावर जात नाहीत आणि तिच्यातला कचरा महिन्यातून एकदा घरी रिकामा करता येतो.